तिखल्याला तिखलंच म्हणा : किनाऱ्यावरच्या खाणावळवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाणावळ, हॉटेल किंवा होमस्टे चालवणाऱ्या सर्व ताई-दादांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच. गेली चोवीस वर्षं कणकवलीत डीटीपीचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, पावतीपुस्तकं आणि मेन्यूकार्डं हे माझं काम. तुमच्यातल्या कितीतरी जणांचं कार्ड माझ्या हातून गेलंय. म्हणूनच हे पत्र लिहायचा थोडाफार हक्क मला आहे असं मानतो, आणि थोडी जबाबदारीही, कारण ज्या गोष्टीबद्दल लिहितोय ती तुमच्याइतकीच माझ्या हातूनही झाली आहे.

माझ्या टेबलाच्या खणात दोन कागद आहेत. पहिला २००३ सालचा. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठकोऱ्या बाजूला बॉलपेनने लिहिलेली यादी. हायवेलगत एका आजींची खाणावळ होती, त्यांनी स्वतः बसून लिहिली होती. बांगड्याचं तिखलं. सुंगटांची कढी. कुर्ल्यांचं सार. तिसऱ्यांचं सुकं. मोरीचं मटण. काळ्या वाटाण्याचं सांबारं. सोलकढी. खरं तर आजींनी 'तिकला' लिहिलं होतं. मी त्याचं 'तिखलं' केलं, प्रमाण भाषा म्हणून. तेवढीही ढवळाढवळ करायला नको होती असं आता वाटतं.

दुसरा कागद गेल्या वर्षीचा. त्याच घरातल्या नातवाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या यादीचं प्रिंटआउट. बांगडा करी. प्रॉन्स करी. क्रॅब करी. शार्क करी. ब्लॅक पीज करी. सोलकढी.

चूल तीच, पाटा जाऊन मिक्सर आला एवढाच फरक, मसाला अजून त्याच घरात मे महिन्यात भाजला जातो. सात नावांतलं एक तेवढं शिल्लक राहिलं. आणि ही यादी मी मुकाट्याने टाईप केली, प्रूफ दिलं, लॅमिनेशन करून पन्नास कार्डं त्याच्या हातात ठेवली.

पुढे दोनेक महिन्यांनी मी तिथे जेवायला गेलो. शेजारच्या टेबलावर बाहेरगावचं एक कुटुंब होतं. त्यांनी कार्ड बघून बांगडा करी मागवली होती, आणि समोर आलं होतं तिखलं. तुम्हाला सांगायला नको, तिखल्यात पाणी बेताचंच. मसाला, आमसूल आणि ठेचलेली तिरफळं बांगड्याच्या अंगाला लपेटून राहतात आणि भाकरीच्या तुकड्याने ते सगळं पुसून खायचं. त्या गृहस्थांनी वेटरला विचारलं, "यात करी कुठे आहे?" त्यांची काही चूक नव्हती. कार्डावर करी लिहिली होती, त्यांनी करी मागितली. वेटर ताट आत घेऊन गेला आणि वाटीभर रस्सा ओतून परत आला. त्यानंतर मी दोनदा तिथे गेलो. आता तिथलं तिखलं मुळातच पातळ असतं. ज्या नावाने पदार्थ विकला जातो, त्या नावासारखा तो होत जातो. माझ्या डोळ्यांदेखत वर्षभरात एक तिखलं पातळ झालं, आणि त्याची सुरुवात माझ्या कीबोर्डावर झाली.

म्हणून हा 'करी' शब्द नेमका कुठला, कुठून आला आणि त्याचा आपल्याशी संबंध काय, हे मला कळलंय तेवढं तुमच्यापुढे मांडतो.

दुकान टाकायच्या आधी मी कॅलेंडर छपाईचं काम शिकायला शिवकाशीला तीन आठवडे होतो. तमिळनाडूतलं हे गाव फटाक्यांसाठी आणि छपाईसाठी प्रसिद्ध. तिथे मेसमध्ये जेवायचो. पहिल्याच दिवशी भातावर वाढायला बादलीतून पातळ काहीतरी आलं, आवडलं, म्हणून दुसऱ्यांदा मागताना मी मोठ्या आत्मविश्वासाने 'करी' म्हणालो. वाढप्या आत गेला आणि मटणाच्या तुकड्यांची छोटी वाटी घेऊन आला, सुक्या मसाल्यात परतलेल्या. तिचे वेगळे पैसे पडले. प्रेसमधल्या फोरमनने संध्याकाळी मला समजावलं. आमच्याकडे बोलताना कऱी म्हणजे मटण, असं तो म्हणाला. मदुराईत 'कऱी दोसै' मिळतो, तोही मटणाचाच. पण त्याच्या शेजारच्या ब्राह्मण घरात कऱी म्हणजे परतलेली सुकी भाजी. बाजारातून आणायच्या भाजीला 'काय्कऱि'. आणि भातावर जे पातळ ओततात त्याचं नाव कऱी नाहीच, ते 'कुऴंबु'.

म्हणजे ज्या भाषेतून जगाने हा शब्द घेतला असं बहुतेक कोशकार म्हणतात, त्या तमिळमध्ये रोजच्या जेवणातल्या पातळ कालवणाला तो शब्द सहसा कोणी वापरत नाही. मला हे ऐकून फार नवल वाटलं होतं. कुऴंबु या शब्दाचा अर्थ मी विचारला, तर फोरमनने हाताने भात कालवल्यासारखं करून दाखवलं. मिसळणं, ढवळून एक होणं. माणसाचा मनातून गोंधळ उडाला तरी तमिळमध्ये हेच क्रियापद लागतं. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे यालाच कालवण म्हणतात. कालवायचं ते कालवण. त्याच्या आणि माझ्या भाषेचं कूळ वेगळं, पण भातावर ओतायच्या पदार्थाला नाव देताना दोन्हीकडच्या बायकांनी आपल्या बोटांकडेच पाहिलं होतं.

तमिळमध्ये या शब्दाचा र वेगळा आहे, हे अक्षरजुळणी करणारा म्हणून मला सांगावंसं वाटतं. 'करि' म्हटलं तर कोळसा, किंवा करपणं. 'कऱि' म्हटलं तर हा आपला खाण्यातला शब्द. देवनागरीत तो दुसरा र लिहायला खाली नुक्ता असलेला ऱ ठेवलेला आहे, आणि आपण 'दऱ्या' किंवा 'तऱ्हा' टाईप करताना तीच कळ दाबतो. इंग्रजीने आणि मागाहून आपणही दोन्ही र एकात घातले, त्यामुळे हा शब्द करपण्यावरून आला असंही काही जण सांगतात. दोन वेगळे शब्द आहेत हे.

या कऱिचा एक फार जुना अर्थ मिरी असा आहे. संगम काळातल्या, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या, तमिळ कवितांचा 'अकनानूऱु' नावाचा संग्रह आहे. त्यातल्या एका कवितेत केरळच्या किनाऱ्यावरच्या मुचिरी बंदराचं वर्णन येतं. यवनांची, म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांची, देखणी जहाजं नदीचा पांढरा फेस उसळवत येतात, सोनं घेऊन येतात आणि कऱि घेऊन परत जातात. तिथे कऱि म्हणजे काळी मिरी. पुढे मिऱ्याच्या तिखटाने चव आणलेलं खाणं, मग भाताशी खायची भाजी, मांस, मासे असा या शब्दाचा पसारा वाढत गेला असावा. मिरचीही आपल्याकडे अशीच आली. पोर्तुगिजांनी आणलेलं हे परकं फळ, पण त्याला नाव मिळालं ते घरच्या मिरीवरून.

शेजारच्या केरळात मात्र कऱी हा जिता, रोजचा शब्द आहे. मीन कऱी, कडला कऱी ही अस्सल मल्याळम नावं आहेत. तिथल्या आईने मुलाला "कऱी घे" म्हटलं तर ते आपल्या "कालवण घे" इतकंच सहज असतं. म्हणजे या शब्दाशी माझं भांडण नाही. उद्या एखाद्या मल्याळी माणसाने वेंगुर्ल्यात हॉटेल काढलं तर त्याचं कार्ड मी आनंदाने मीन कऱी लिहून छापेन. प्रश्न एवढाच की आपल्या तिखल्याला, साराला, कढीला तो शब्द कसा चिकटला.

तर ही गोष्ट थेट आपल्या किनाऱ्यावर येते.

१५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. मलबारच्या किनाऱ्यावर त्यांचा वावर त्याआधीपासून होता, तिथे त्यांनी हा शब्द उचलला आणि आपल्या तोंडाप्रमाणे 'कारिल' केला. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कोशकार म्हणतात की पोर्तुगिजांनी त्याचं कानडी रूप घेतलं. कसंही असो, १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात तो सापडतो. लेखक गार्सिया द ओर्ता, गोव्यात अनेक वर्षं राहिलेला वैद्य, आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्याने हा मोठा ग्रंथ लिहिला. नारळाविषयी सांगताना तो लिहितो की नारळाच्या रसात कोंबडी-मांसाचे पदार्थ करतात आणि त्यांना कारिल म्हणतात.

त्यानंतर वीस वर्षांनी, १५८३ मध्ये, यान ह्यूखन व्हान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला आणि पाचेक वर्षं राहिला. त्याचं प्रवासवर्णन १५९६ मध्ये निघालं आणि दोनच वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. त्यात इथल्या लोकांचं रोजचं जेवण दिलंय. मासे भाताबरोबर खातात, ते एका रश्श्यात शिजवतात, तो रस्सा भातावर ओततात, तो कच्च्या द्राक्षांत शिजवल्यासारखा जरा आंबट लागतो पण चवीला छान असतो, आणि त्याला 'कारिएल' म्हणतात. आमसूल होतं, कैरी होती की बिंबल, हे कळायला मार्ग नाही. पण ताट ओळखता येतंच ना? भात, वर आंबटसर माशाचं पातळ. गोव्यातल्या कुठल्याही घरात आज दुपारी हेच ताट असेल. हिंदू घरात त्याला हुमण म्हणतील, ख्रिस्ती घरात कडी, आणि दोघांचं जेवण शीत-कडीच.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या ओळीपाशीच थांबलो. इंग्रजीत या शब्दाचा जो अगदी पहिला उल्लेख कोशांत देतात तो हाच, लिन्सखोटेनच्या भाषांतरातला. म्हणजे इंग्रजांनी करी हा शब्द पहिल्यांदा छापला तो आपल्या किनाऱ्यावरच्या माशाच्या कालवणासाठी. त्या कालवणाला तेव्हाही काहीतरी नाव असणार. एखाद्या कोळणीने, एखाद्या स्वयंपाकिणीने ते उच्चारलंही असेल. परक्या माणसाने विचारलं, त्याच्या मालकांची भाषा पोर्तुगीज, त्यांनी आपला ठरावीक शब्द सांगितला, आणि कागदावर तोच राहिला. पहिल्यांदा नाव पुसलं गेलं ते असं, सव्वाचारशे वर्षांपूर्वी, आणि त्यात आपला हात नव्हता.

रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी सिलोनच्या डोंगरातल्या कँडीच्या राज्यात एकोणीस वर्षं बंदिवान होता. सुटून गेल्यावर १६८१ मध्ये त्याने पुस्तक छापलं. हा पोर्तुगिजांचा शब्द आहे असं सांगून त्याने करीचा जो अर्थ दिलाय तो मला सगळ्यांत नेमका वाटतो: भाताबरोबर खायला आणि भाताला चव आणायला जे काही लागतं ते. बघा, त्यात रस्सा नाही, हळद नाही, ठरावीक मसाला नाही. भाताशी असलेलं नातं तेवढं आहे. देशावर विचारतात ना, "आज कोरड्यास काय?" कोरड्या भाकरीला जे लागतं ते कोरड्यास. गोव्यात कडधान्याच्या उसळीवजा पदार्थाला तोंडाक म्हणतात, आपल्याकडे तोंडीलावणं. मूळच्या कऱीचा खरा मराठी भाऊ शोधायचा तर तो इथे सापडतो.

इंग्रजांनी शब्द विलायतेला नेला तेव्हा भाताचं हे नातं हळूहळू सुटलं. १७४७ मध्ये हॅना ग्लास या बाईंच्या गाजलेल्या पाकपुस्तकात भारतीय पद्धतीची करी छापली गेली. कोंबडीची, आणि मसाला म्हणजे मिरी व धणे, तेही स्वच्छ फावड्यावर धरून विस्तवावर भाजलेले. हळद आणि आलं त्यात पुढच्या आवृत्त्यांत आलं. त्याच शतकाच्या अखेरीस लंडनच्या दुकानांत तयार करी पावडर विकायला लागली होती. शेख दीन महोमेद या पाटण्याच्या माणसाने १८१० मध्ये लंडनला हिंदुस्तानी पद्धतीचं उपाहारगृह काढलं, ते फार चाललं नाही. पण पावडर चालली. हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबाला तीच एक चव पुन्हा हवी होती आणि ती डब्यात मिळत होती. कुठलंही मांस घ्या, तीच पावडर घाला, करी झाली. इथे या शब्दाचा अर्थ कायमचा पालटला. आधी एका भाषेतला पदार्थांचा वर्ग होता, आता हिंदुस्थानातल्या सगळ्या पदार्थांचं मिळून एकच नाव झालं.

आपल्या बाजारात कधी कोणी करी पावडर मागितलेली मी ऐकली नाही. मालवणी मसाला आहे, आगरी-कोळी मसाला आहे, वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बाटली मसाला आहे, पुण्याकडे गोडा, मराठवाड्यात येसर, कोल्हापुरात कांदा-लसूण. शिवाय प्रत्येक घरचा वेगळा, आणि शेजारणीचा आपल्यापेक्षा बरा की वाईट यावर दर मे महिन्यात चर्चा.

तो शब्द पुढे जगभर गेला आणि जिथे रुजला तिथे त्याने आपापलं घर केलं. जपानमध्ये इंग्रजांकडून पोचलेला करीभात आज तिथल्या शाळकरी मुलांचं आवडतं जेवण आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस तिथे आश्रयाला होते, त्यांच्यामुळे तोक्योतल्या नाकामुराया या बेकरीच्या उपाहारगृहात १९२७ पासून हिंदुस्थानी पद्धतीची करी मिळू लागली. बर्लिनमध्ये १९४९ साली हेर्टा होयवर या बाईंनी सॉसेजवर करी पावडर घातलेला टोमॅटोचा सॉस ओतला आणि करीवुर्स्ट जन्माला आलं. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या आपल्या मराठी माणसांची पुढची पिढी तिथल्या क्रिओल भाषेत कारी म्हणते, कारण तिथली सामायिक भाषा ती आहे. हे सगळे पदार्थ तिथल्या लोकांचे आहेत आणि त्यांची नावंही. मला त्यात काहीच खटकत नाही.

आता तुमच्यातल्या काही जणांनी मला दुकानात येऊन जे मुद्दे सांगितले त्यांच्याकडे येतो.

एक, करी म्हणजे आपली कढीच, इंग्रजीत बिघडलेली. हा समज फार पसरलाय, आणि आपल्याकडे माशाच्या पातळाला कढी म्हणतातच, त्यामुळे तो खराही वाटतो. पण कढी आली कढण्यावरून, आणि कढणं संस्कृत 'क्वथ्' वरून, ज्यावरून क्वाथ म्हणजे काढा. कढवलेली ती कढी. म्हणून तर ताकाचीही कढी आणि सुंगटांचीही कढी. दूध कढतं, तूप कढवतात, काढाही त्याच घरातला. एवढं गोतावळ्याचं नाव आपल्याजवळ असताना ते पुसून शेजारच्या भाषेतलं, तेही साहेबाच्या हातून फिरून आलेलं नाव का लावायचं?

गंमत अशी की एका जागी कढी आणि कऱी अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. ज्या पानाला इंग्रजीत करी लीफ म्हणतात त्याला तमिळमध्ये 'कऱिवेप्पिलै' म्हणतात, म्हणजे कऱीत घालायचा कडुलिंबाचा पाला. पान दिसायला कडुलिंबासारखं, म्हणून. आणि आपण काय म्हणतो? कढीलिंब. कढीत घालायचा लिंब. दोन्ही शब्दांची घडण एकच. एकाच झाडाकडे बघून दोन भाषांनी एकच विचार केला, आणि दोघींनी आपापल्या भांड्याचं नाव त्याला दिलं.

दुसरा एक फॉरवर्ड फिरतो की करी हा शब्द इंग्रजांचाच आहे, कारण साधारण १३९० सालच्या त्यांच्या एका राजाच्या स्वयंपाक्यांच्या पुस्तकात 'क्यूरी' शब्द आहे. शब्द आहे हे खरं. पण तो जुन्या फ्रेंचमधून आलेला, शिजवणं या अर्थाचा. त्याचा आपल्याशी आणि तमिळशी काही संबंध नाही.

आणि तिसरा मुद्दा, जो खरा व्यवहाराचा आहे: पर्यटकाला तिखलं कळत नाही, करी कळते. नातवानेही मला हेच सांगितलं. मी त्याला त्याच्याच यादीतली शेवटची ओळ दाखवली. सोलकढी. तिला कोणी कोकम करी केलं नाही. पुण्याचा, बेळगावचा, दिल्लीचा, परदेशातलाही माणूस गाडीतून उतरल्या उतरल्या सोलकढी मागतो, नावाने मागतो, दुसरा ग्लास मागतो. कोल्हापूरवाल्यांनी तांबडा-पांढरा रस्सा कधी रेड करी, व्हाइट करी केला नाही, आणि लोक त्या नावासाठी वाट वाकडी करून कोल्हापूरला जातात. नागपूरच्या सावजी रश्श्याचंही तसंच. ज्या नावांना त्यांच्या माणसांनी धरून ठेवलं ती नावं बाहेरच्यांनी शिकून घेतली. कोणाला विचारायचं असेल तर तो विचारतो, आणि "तिखलं म्हणजे काय हो?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला तुम्ही उभं राहिलात की ताट येण्याआधीच गिऱ्हाईक तुमचं झालेलं असतं. करी काय असते हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून तो काही विचारत नाही.

शिवाय नाव हे तुमच्या सोयीचंही आहे. सुकं म्हटलं की पाणी नाही हे गिऱ्हाइकाला कळतं. सार म्हटलं की पातळ. आमटी म्हटलं की आंबटाची चाहूल, ती आम्लावरूनच आली आहे. रस्सा म्हटलं की रस. तिखलं म्हटलं की जिभेने तयार राहावं. सांबारं म्हटलं की काळे वाटाणे आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. एका एका शब्दात अर्धी कृती आणि अर्धी सूचना आहे. हे सगळं पुसून सहा ओळींत पाच वेळा करी लिहिलं की कार्डावर फरक उरतो तो फक्त प्राण्याचा. कोणता जीव मारला तेवढं कळतं, बाईने त्याचं काय केलं ते कळत नाही. मला सगळ्यात जास्त हे लागतं. त्या आजींनी पन्नास वर्षं जे केलं ते नेमकं त्या पुसलेल्या शब्दांत होतं.

इंग्रजी कार्डाबद्दलही सांगतो, कारण ते मीच करतो. रोमन लिपीत नाव आपलंच ठेवायचं आणि खाली लहान अक्षरांत एक ओळ द्यायची: बांगडा, आमसूल, तिरफळ, दाट, भाकरीबरोबर. एका ओळीला जागा किती लागते? ए-फोरच्या कार्डात वीस पदार्थ सहज बसतात. वाटाण्यांनाही तुम्ही ब्लॅक पीज केलंत. काळे वाटाणे म्हणून ते जगाला कळायला हरकत नव्हती.

गोव्यातल्या मंडळींना वेगळं सांगायला हवं. तुमच्याकडे कारिल हा पोर्तुगीज शब्द चार शतकं राहिलेला आहे, काही घरांत तो घरचाच झालाय, त्याला हात लावा असं मी म्हणणार नाही. पण शाकुती, आंबटतीक, हुमण, उड्डामेथी, खतखतें, तोंडाक ही नावं अजून तुमच्या जिभेवर आहेत. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाटीवर त्या सगळ्यांच्या जागी 'फिश करी राईस' एवढंच दिसलं की वाईट वाटतं. पाटीवर जागा असते.

आता माझ्याकडून. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तुमच्याकडे वर्दळ कमी असते, माझ्याकडेही लग्नपत्रिका नसतात. या पावसाळ्यात ज्यांना आपलं कार्ड बदलायचं असेल त्यांनी यावं. अक्षरजुळणीचे आणि प्रुफाचे पैसे मी घेणार नाही, कागद आणि लॅमिनेशनचा खर्च तेवढा द्या. माझी अट एकच आहे. यादी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ बसून करा. एकेक पदार्थ सांगा आणि तिला विचारा की तुझ्या माहेरी याला काय म्हणायचे, आणि सासरी आल्यावर काय म्हणायला लागलीस. दोन नावं आली तर दोन्ही आणा. ती जशी बोलेल तसंच लिहा. तिकला म्हणाली तर तिकला. या वेळी मी ते सुधारणार नाही.

आणि ज्या घरातलं ते कॅलेंडरचं पान माझ्याकडे आहे, त्या घरच्या नातवासाठी: बाबा, आजींच्या अक्षरातली ती यादी तुमच्या घरची आहे. येशील तेव्हा घेऊन जा. मी तिची झेरॉक्स काढून ठेवली आहे, आणि तुझ्या कार्डाची फाईलही अजून कॉम्प्युटरवर तशीच उघडी ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कणकवलीतला एक मेन्यूकार्ड जुळवणारा